भिशीत वीस बाजूंचा फासा

पत्र

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या ४४ वर्षांच्या एक वाचक लिहितात: मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि संध्याकाळी घर एकदम शांत झालं. त्यानेच एकदा सुट्टीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या लोकांचा एक व्हिडिओ दाखवला होता. सहा-सात माणसं टेबलाभोवती बसतात, फासे टाकतात आणि बोलता बोलता एक गोष्ट रचतात, एवढंच. पण आता या बाई रोज जेवणं झाली की तेच पाहत बसतात. त्यांना स्वतः खेळायचंय. अडचणी अशा: मुलाच्या ओळखीचा गट पुण्यात दर शनिवारी एका कॅफेत जमतो, पण तिथे सगळे पंचविशीच्या आसपासचे आणि इंग्रजीत बोलणारे. “मी इंग्रजी वाचते, बोलताना अडखळते.” ऑनलाइन अनोळखी लोकांत जायची भीती वाटते. अभिनय कधी केलेला नाही. नियमांची पुस्तकं जाडजूड आणि महाग. नवरा म्हणतो, पोरांचे खेळ आहेत हे. नणंद म्हणते, या खेळाने अमेरिकेत मुलं बिघडली. “महिन्यातून एकदा आमची सहाजणींची भिशी असते, पण त्यांच्यासमोर हे काढून हसं कशाला करून घेऊ? या वयात हे करावं का? करायचं तर सुरुवात कुठून? एकदा तरी दोन-तीन तास मला दुसरंच कुणीतरी व्हायचंय.”

उत्तर

नमस्कार बाई,

नाव छापायचं नाही म्हणून ‘बाई’ म्हणतेय. शाळेत मुलं तेच म्हणत असणार. पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिल्यासारखं दिसतं, पण मी ते सगळ्यात आधी बाजूला काढून ठेवलं. त्याच्याकडे येतेच. आधी त्या व्हिडिओंचं बोलू, कारण तुमची अर्धी भीती तिथून आलेली आहे.

ज्या कार्यक्रमामुळे हे असले व्हिडिओ जगभर पोचले तो २०१५ साली सुरू झाला. त्यात बसलेली मंडळी हौशी नव्हती, कार्टूनना आणि व्हिडिओ गेमना आवाज देणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. त्यांनी आवाज बदलला की म्हातारी म्हातारी वाटते आणि राक्षस राक्षस वाटतो. ते बघून “मला हे जमणार नाही” म्हणणं म्हणजे सवाई गंधर्वला जाऊन आल्यावर घरी आरती म्हणायची लाज वाटण्यासारखं आहे. मी दहाएक वर्षं खेळतेय आणि माझ्या टेबलावर बहुतेकजण आवाज बदलत नाहीत. “माझी कंडक्टरबाई म्हणते की तिकीट दाखवा,” असं आपल्या पात्राबद्दल सांगतात आणि पुढे जातात. ते पूर्ण वैध आहे. अभिनय हा या खेळातला मसाला, भाजी नव्हे.

भाजी काय, ते सांगते. एकजण खेळ चालवतो, बाकीचे गोष्टीतलं एकेक पात्र होतात. चालवणारा परिस्थिती सांगतो आणि विचारतो, “मग तू काय करतेस?” दुसरा काहीतरी सांगतो. ते जमेल की नाही याची खात्री नसेल तर फासा टाकायचा. बस्स. बाकीची शेकडो पानं याच एका प्रश्नाच्या भोवती आहेत.

माझ्या घरी झालेला एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. देवळातली घंटा चोरीला गेलीय, ती सावकाराच्या वाड्यात लपवलीय, आणि तिघीजणी रात्री ती परत आणायला निघाल्यात, अशी गोष्ट. माझी एक मैत्रीण, एरवी मेडिकलच्या दुकानात बसते, ती निवृत्त एसटी कंडक्टर झाली होती. मी सांगितलं, “फाटकाला आतून कडी आहे. आत कुत्रं भुंकायला लागलंय.”

“मी त्याला भाकरी टाकते.”

“भाकरी आहे तुझ्याकडे?”

ती थांबली. मग म्हणाली, “आहे. सकाळची. पिशवीत, पेपरात गुंडाळलेली. मी कंडक्टर होते, मला कधी कुठे खायला मिळेल याचा भरवसा नव्हता.”

बघा, त्या क्षणापर्यंत ती भाकरी जगात नव्हती. मी लिहिली नव्हती, तिनेही लिहिली नव्हती. आता ती होती, आणि तिच्याबरोबर एका बाईचं तीस वर्षांचं आयुष्यही टेबलावर आलं. तिने आवाज अजिबात बदलला नव्हता.

आता तुमच्या विषयाकडे, गणिताकडे येऊ. कुत्रं गप्प करायला मी १५ हा आकडा धरला. कंडक्टरबाईंना रात्रीबेरात्रीच्या स्टँडवरच्या कुत्र्यांची सवय, म्हणून दानात ३ मिळवायचे. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर किमान १२ पडायला हवेत: विसातली नऊ दानं, ४५ टक्के. पण भाकरीची कल्पना झकास होती, तेव्हा फासा दोनदा टाकून मोठं दान धरायचं. दोन्ही वेळा हुकण्याची शक्यता अकरा विसांशांचा वर्ग, म्हणजे साधारण ३० टक्के. जमण्याची जवळजवळ ७०. दहावीच्या वर्गाला संभाव्यता शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पडले ४ आणि ७. कुत्र्याने भाकरी खाल्ली आणि त्याला कंडक्टरबाई इतक्या आवडल्या की ते फाटकाखालून बाहेर येऊन त्यांच्या मागेमागे फिरायला लागलं. भुंकत. पुढचा दीड तास त्या तिघी एका प्रेमळ, ओरडणाऱ्या कुत्र्यासकट चोरी करत होत्या. दान हुकलं म्हणून गोष्ट अडली नाही, वाकडी झाली. खेळ चालवणाऱ्याने एवढं एक शिकून घेतलं तरी पुरतं.

आणि ते वीस बाजूंचे फासे आले कुठून, हे तर तुम्हाला माहीत असायलाच हवं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिली आवृत्ती फक्त हजार खोक्यांची, तीही हाताने भरलेली. त्याआधी ही मंडळी टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायची. पूर्ण पलटणीऐवजी एकेका खेळाडूने एकच माणूस सांभाळायचा आणि त्याला महिनोन्‌महिने वाढवत न्यायचं, या दिशेने आर्नेसनने मिनेसोटात आपला खेळ नेला. गायगॅक्सने त्यावर नियमांचा डोलारा उभारला. त्यांना सहा बाजूंपलीकडचे फासे हवे होते आणि ते मिळाले शाळांना शैक्षणिक साहित्य पुरवणाऱ्या एका कंपनीच्या कॅटलॉगमध्ये! चतुष्फलक, घन, अष्टफलक, द्वादशफलक, विंशतिफलक, तुमचे पाच नियमित घनाकार. दहा बाजूंचा फासा नंतर आला आणि तो नियमित नाही, हे तुम्ही हातात घेताच ओळखाल. सांगायचं काय, तर हा खेळ गणिताच्या बाईंच्या कपाटातूनच निघालाय. तुम्ही परक्या घरी चाललेल्या नाही आहात.

अभिनयाचं आणखी एक. माझं आजोळ कुडाळकडचं. लहानपणी जत्रेत दशावतार बघायला जायचो, रात्रभर. त्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते, हे मला फार उशिरा कळलं. आख्यान कुठलं, कोण कुठली भूमिका करणार, प्रसंग कसे लागणार, एवढं आधी ठरतं. बोलणं तिथल्या तिथे. समोरच्याने टाकलेला शब्द झेलायचा आणि परत टाकायचा. त्यातले कितीतरी नट दिवसा शेतात नाहीतर दुकानात असायचे. तुमच्या बाजूला तमाशातला सोंगाड्या हेच करत आला. तेव्हा “हे आपल्याकडचं नाही” असं जे तुमच्या पत्रात ओळींच्या मधून डोकावतंय, ते मला पटत नाही. फासे आणि ड्रॅगन तिकडचे असतील, पण ऐनवेळी बोलणं रचून गोष्ट पुढे ढकलणं आपल्याकडे मुबलक आहे.

त्यावरून इंग्रजी. तुम्ही लिहिता, वाचते पण बोलताना अडखळते. अहो, मग अडचण उरलीच कुठे? नियम वाचायचे असतात, खेळ बोलायचा असतो. नियम इंग्रजीत वाचा आणि टेबलावर ज्या भाषेत भाजीवाल्याशी घासाघीस करता त्या भाषेत बोला. आमच्या टेबलावर ‘कॅरेक्टर शीट’, ‘सेशन’, ‘वन-शॉट’ असले शब्द आहेत तसे चालतात, फाशाला फासा म्हणतो आणि पडलं त्याला दान. “काय दान पडलं?” यात जी धडधड आहे ती मला तरी दुसऱ्या कुठल्या शब्दात सापडत नाही. एकदा एका खेळाडूने भुताला ‘अहो’ म्हटलं. भूत तिच्या सासऱ्यांच्या वयाचं होतं म्हणे. इंग्रजीत हे झालंच नसतं, आणि पुढची सगळी बोलाचाली त्या ‘अहो’वर फिरली.

खर्चाचंही मिटवून टाकू. तीन मोठी पुस्तकं असतात हे खरं, पण सुरुवातीला त्यातलं एकही घेऊ नका. त्या खेळाच्या नियमांचा गाभा जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. कुणीही उतरवून घ्यावा, वापरावा, त्यावर स्वतःचं काही रचावं. सात फाशांचा प्लॅस्टिकचा संच काही शे रुपयांत येतो. नसला तरी फोन फासा टाकून देतो, मात्र टेबलावर खुळखुळत पडणाऱ्या फाशाची मजा त्यात नाही.

पण माझं ऐकाल तर पहिल्या दिवशी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नकोच. त्यात एक पात्र तयार करायला नवख्या माणसाचा तास-दीड तास जातो आणि तेवढ्यात निम्म्याजणी फोन काढतात. एका पानाचे खेळ असतात, त्यातला एक घ्या. जॉन हार्परने २०१३ मध्ये केलेला ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ हा माझा लाडका, आणि तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. मूळ खेळ अवकाशयानावरचा, पण सांगाडा कुठेही बसतो, त्यावर बेतून लोकांनी कितीतरी खेळ केलेत. प्रत्येक खेळाडूने २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. बस, तुमच्या पात्राचा अख्खा हिशेब त्या एका आकड्यात. डोकं लढवायचं काम असेल, म्हणजे कुलूप उघडणं, हिशेब लावणं, नेम धरणं, तर लुडोचा साधा फासा टाकून त्या आकड्यापेक्षा कमी यायला हवं. काळजाचं काम असेल, म्हणजे समजूत घालणं, धाक दाखवणं, ओढ लावणं, तर जास्त यायला हवं. बरोब्बर तोच आकडा आला तर खेळ चालवणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. आधी तयारी केली असेल तर एक फासा वाढवून मिळतो, त्या कामात मुरलेले असाल तर आणखी एक. किती फासे लागू पडले त्यावरून काम कितपत झालं ते ठरतं. पाचचा आकडा घेतलेली बाई डोक्याने तल्लख आणि माणसांशी बोलताना दगड. दोनची त्याच्या उलट. आम्ही याला ‘डोकं-काळीज’ म्हणतो. सांगायला पाच मिनिटं लागतात.

आता पुण्याचा गट. तो मोडीत काढू नका, पण पहिलं पाऊल तिथे टाकू नका. वय हे त्याचं कारण नाही. पंचविशीच्या पोरांना चाळिशीतला खेळाडू आवडतो, कारण तो वेळेवर येतो. कारण असं की दर शनिवारी जमणारे गट बहुधा लांबलचक, महिनोन्‌महिने चालणारी गोष्ट खेळत असतात. मध्येच शिरणाऱ्याला लग्नघरी तिसऱ्या दिवशी पोचलेल्या पाहुण्यासारखं होतं: सगळे हसतायत, का ते कळत नाही. त्यातून तुम्हाला एसटीने जाऊन-येऊन पाच तास. मुलाकरवी नको, खेळ चालवणाऱ्याला स्वतः एक संदेश पाठवा. एका बैठकीत संपणारा खेळ, ज्याला ते ‘वन-शॉट’ म्हणतात, तो कधी आहे? नवीन माणूस चालेल का? मी मराठीत बोलले तर चालेल का? एकदा नुसतं बसून बघू का? चार प्रश्न, आणि त्यांना उत्तर कसं येतं त्यावरून गट कळतो. “या ना, आम्हीपण मिक्सच बोलतो,” असं आलं तर दिवाळीच्या सुट्टीत जाऊन या. पुण्यातली पोरं आहेत, घरी मराठीतच भांडत असतील.

ऑनलाइनचं थोडक्यात. नवख्या माणसाला ते जड जातं. चेहरे नीट दिसत नाहीत, दोघं एकदम बोलतात, आणि गप्प बसलेला माणूस कुणाच्या लक्षात येत नाही. लाजाळू माणसाला मात्र कॅमेरा बंद ठेवता येतो, हा फायदा मोठा. पुढे जमलंच तर शाळेचं नाव, पत्ता, फोन नंबर द्यायचा नाही, आणि कुणाचं बोलणं खटकलं तर कारण न देता बाहेर पडायचं.

नणंदबाईंनी जे ऐकलंय त्याला मागचा धागा आहे. १९७९ मध्ये मिशिगनमधला एक कॉलेजचा मुलगा बेपत्ता झाला. तो हा खेळ खेळायचा म्हणून खेळातच हरवला अशी बातमी उठली. तो बिचारा वेगळ्याच त्रासात होता, खेळाचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण बातमी चिकटली, आणि १९८० च्या दशकात तिथल्या काही चर्चमधून आणि पालकांच्या संघटनांमधून हा सैतानाचा खेळ असल्याची हाकाटी झाली. नंतर ती विरली. नणंदेला हे सांगा किंवा सांगू नका. तिला खेळायला बोलावलंत तर जास्त उपयोग होईल.

आणि नवऱ्याशी वाद घालू नका. गणपतीत मांडवामागे पहाटेपर्यंत रमी कुटणाऱ्या माणसांना कुणी पोरकट म्हणत नाही, कारण तिथे पैसे लागलेले असतात. इथे नुसती गोष्ट लागलेली असते म्हणून हा पोरखेळ. (गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी गेली होती, घर चालवायला तो जोडे दुरुस्त करायचा, पदरी पाच मुलं होती आणि वय पस्तिशीचं. त्यातल्याच दोन मुलांना समोर बसवून त्याने हा खेळ पहिल्यांदा चालवून पाहिला. तेव्हा पोरांचा खेळ म्हणायला हरकत नाही, पण बापही त्यात होता.)

आता भिशी. तुम्ही सगळे पर्याय तोलून पाहिलेत आणि हा एकच न तोलता बाजूला टाकलात: हसतील. विचारलंत का त्यांना? मला तुमच्या पाचही मैत्रिणी माहीत नाहीत, पण भिशी माहीत आहे. तिथे एकजण शेजारणीची नक्कल करते आणि बाकीच्या डोळे पुसत हसतात. एकजण, “मी तिच्या जागी असते ना, तर…” असं म्हणून पूर्ण प्रसंग उभा करते, संवादांसकट. नाटकं करणाऱ्या बायका तुमच्या दिवाणखान्यात दर महिन्याला आयत्या येतात, आणि तुम्ही खेळाडू शोधायला पुण्याला निघालात.

फक्त “रोल-प्लेइंग गेम” म्हणून समजावून सांगायला जाऊ नका. मी पहिल्यांदा तेच केलं. सोसायटीतल्या चौघींना बोलावलं, चौदा पानं टिपणं काढली, नकाशा रंगवला, आणि अर्धा तास नियम सांगितले. त्या इतक्या सभ्यपणे ऐकत होत्या की मला रडू यायचं बाकी होतं. मग गोष्ट सुरू झाली आणि त्यांनी माझा किल्ला, भुयार, खजिना सगळं सोडून रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवाल्याशी सव्वा तास गप्पा मारल्या. टपरीवाल्याचं लग्न का मोडलं, हे त्यांना कळायलाच हवं होतं. मला ते माहीत नव्हतं, तो माझ्या टिपणात नव्हताच. बैठक फसली असं मी मनात ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्यातली एक म्हणाली, “त्या टपरीवाल्याचं पुढे काय?” तेव्हापासून मी टिपणं अर्ध्या पानावर आणली आणि टपरीवाले जास्त ठेवायला लागले.

तेव्हा एवढंच म्हणा: “आज हाउजीऐवजी एक गोष्ट खेळू या, तासाभराची.” गोष्ट दारापासून सुरू करा. गावाचा इतिहास नको, “तुम्ही वाड्याच्या फाटकाशी उभ्या आहात, रात्रीचे दोन वाजलेत” इथूनच. सहाजणी म्हणजे एक चालवणारी आणि पाच खेळणाऱ्या. जरा जास्त होतात, पण भिशीत एखादी उशिरा येतेच. जी गप्प बसेल तिला नावाने विचारा, “आणि तू? तू काय करतेस तेवढ्यात?” मुलांना फळ्याशी बोलावता तसं नाही हं, हळू.

एक कार्डही मधोमध ठेवा, त्यावर मोठी फुली काढून. गोष्टीत असं काही आलं जे कुणाला नको आहे, तर तिने त्या कार्डाला हात लावायचा आणि गोष्टीने तिथून वळायचं. का, ते कुणी विचारायचं नाही. खेळणाऱ्यांच्या जगात ही रीत चांगली रुळलेली आहे. चाळिशीतल्या सहा बायका म्हणजे कुणाच्या घरी आजारपण झालेलं असतं, कुणाचं मूल गेलेलं असतं, कुणाचं घरी ठीक नसतं. भिशीत आपण ते बोलत नाही. गोष्टीत ते न सांगता येऊ शकतं.

आणि नाही जमलं तर? दोघींना आवडेल, दोघी “पुढच्या वेळी हाउजीच बरी” म्हणतील. मग आवडलेल्या दोघींना वेगळं बोलवा. तिघीत हा खेळ उत्तम होतो.

आता ते बाजूला ठेवलेलं वाक्य. “दोन-तीन तास मला दुसरंच कुणीतरी व्हायचंय.” इथे मी तुम्हाला आत्तापर्यंत दिलेल्या सल्ल्यात एक खोट आहे, आणि ती तुमच्या लक्षात आली नसेल तर सांगायला हवी. भिशीत खेळ तुम्ही काढलात तर चालवायलाही तुम्हालाच लागणार. म्हणजे वाडा तुम्ही, कुत्रं तुम्ही, सावकार तुम्ही, वेळेचं भान तुम्हाला, कोण कंटाळलंय त्याच्यावर लक्ष तुमचं. दिवसभर शाळेत तेच, घरी तेच, आणि हौस म्हणून परत तेच. सगळ्यांना दुसरं कुणीतरी होऊ द्यायचं आणि आपण मात्र बाईच राहायचं. मी बरीच वर्षं तसं केलं. ज्याला सगळ्यात जास्त खेळायची हौस असते त्याच्याच गळ्यात खेळ चालवणं पडतं, हे या छंदातलं जुनं दुखणं आहे. त्यातही मजा असते, खोटं नाही सांगत. पण तुम्ही मागितलंत ते हे नव्हे.

उपाय तुमच्या भिशीतच आहे. चिठ्ठी निघते ना? जिचं नाव निघेल तिने पुढच्या महिन्याचा खेळ चालवायचा, असं पहिल्याच दिवशी ठरवून टाका. पहिली खेप तुमची, कारण कुणीतरी पाणी ओलांडून दाखवायला हवं. दुसऱ्या महिन्यापासून तुम्ही सतरंजीवर, पलीकडच्या बाजूला. एका पानाचा खेळ म्हणूनच सुचवला. शेकडो पानांची पुस्तकं असती तर ती शेवटपर्यंत तुमच्याच घरी राहिली असती. कुणीच चालवायला तयार झालं नाही, तर चालवणाऱ्याशिवायचे खेळही असतात. जेसन मॉर्निंगस्टारचा २००९ चा ‘फियास्को’ तसा आहे: तीन ते पाचजणांनी मिळून एका फसत जाणाऱ्या बेताची गोष्ट रचायची, प्रसंग आळीपाळीने, कुणी प्रमुख नाही. दोन-तीन तासांत संपतो. हाव सुटलेली, अंगाशी येणारी माणसं त्यात असतात, आणि तालुक्याच्या गावात त्यासाठी कल्पनाशक्ती फार ताणावी लागू नये.

आणि तुमची पाळी येईल तेव्हा गणिताची बाई होऊ नका. पहिल्यांदा खेळणारी माणसं, का कोण जाणे, स्वतःसारखंच पात्र करतात. शिक्षक शिक्षक होतो, डॉक्टर वैद्य. तुम्ही आकडा दोन घ्या. हिशेबात ढ, पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून त्याच्या खिशातली किल्ली मागून घेईल अशी. वय सत्तर करा किंवा सतरा. नाव तुम्हाला लहानपणी हवं होतं आणि मिळालं नाही ते ठेवा.

एक राहिलंच. तुम्ही चालवाल त्या दिवशी खायला काही करू नका. पोहे नाही, साबुदाण्याची खिचडी नाही, “नुसता चहा ठेवते” हेही नाही. कोपऱ्यावरून वडे मागवा, चहाला नणंदेला लावा. वाड्याच्या फाटकाशी चौघी उभ्या असताना तुम्ही कढईपाशी असून चालायचं नाही.